‘काढणे’, ‘वगळणे’ व ‘वजा करणे’ : इंग्रजी शब्दयोजनेचा अभ्यासपाठ

(इयत्ता पाचवी ते आठवीस इंग्रजी व गणित शिकविणाऱ्या शिक्षकांसाठी)

प्रास्ताविक

मराठी मुलाच्या बोलण्यात ‘काढणे’ हे क्रियापद फार लवकर येते आणि ते फार कामे करते. विहिरीतून पाणी काढतात, गाईची धार काढतात, पायात रुतलेला काटा काढतात, देवळात शिरताना वहाणा काढतात, शेतातील तण काढतात, बँकेतून पैसे काढतात, पाटीवर चित्र काढतात आणि एस. टी.चे तिकीटही काढतातच. इतक्या निरनिराळ्या क्रिया एकाच शब्दाने सांगितल्या, तरी ऐकणाऱ्याचा घोटाळा होत नाही. इंग्रजीची रीत वेगळी आहे. तेथे विहिरीचे पाणी ‘ड्रॉ’ करतात, गाईला ‘मिल्क’ करतात, काटा ‘टेक आउट’ करतात, वहाणा ‘टेक ऑफ’ करतात, तण काढण्यास ‘वीड’ म्हणतात, पैसे ‘विथड्रॉ’ करतात, चित्र पुन्हा ‘ड्रॉ’च करतात आणि तिकीट ‘बाय’ करतात, म्हणजे विकत घेतात.

शब्दार्थ पाठ करून घेताना ‘रिमूव्ह म्हणजे काढणे’ एवढेच सांगितले, म्हणजे विद्यार्थी ‘आय रिमूव्ह्ड अ पिक्चर’ असे लिहून मोकळा होतो. आपण चित्र काढले असे त्यास सांगावयाचे असते. वाचणाऱ्यास मात्र भिंतीवरील चित्र उतरविले असा अर्थ कळतो. वाक्य व्याकरणाने शुद्ध असते, अर्थाने उलटे असते. अशी चूक लाल शाईने दाखविणेही कठीण जाते, कारण एकेक शब्द तपासला तर चुकलेला शब्द सापडत नाही.

सन २००० पासून महाराष्ट्रात इंग्रजी विषय पहिलीपासून शिकविला जातो. त्यामुळे पाचवीत येणाऱ्या मुलास यांतील बरेच शब्द सुटे सुटे ठाऊक असतात. कोणता शब्द कोठे योजावा, हे ठरविण्याची वाट त्यास दाखविणे, हा प्रस्तुत पाठाचा हेतू आहे. ती वाट त्याच्या मातृभाषेतूनच जाते.

१. क्रियापदाआधीचा शब्द पाहावा

मराठीत ‘काढणे’ हे क्रियापद एकच राहते. पण त्याच्या आधीच्या नामास लागलेले ‘तून’, ‘वरून’, ‘पासून’, ‘जवळून’, ‘कडून’ हे शब्दांश बदलत असतात. वस्तू आधी कोठे होती, हे मराठी तेथे सांगते. इंग्रजी तीच गोष्ट क्रियापदास जोडलेल्या छोट्या शब्दाने सांगते. म्हणून विद्यार्थ्यास ‘काढणे’ याचे इंग्रजी विचारू नये, ‘कोठून काढले?’ असे विचारावे.

वस्तू आत असेल, तर मराठीत ‘तून’ किंवा ‘मधून’ येते व इंग्रजीत ‘टेक आउट ऑफ’ येते. पेटीतून खडू काढ : ‘टेक द चॉक आउट ऑफ द बॉक्स.’

वस्तू पृष्ठभागावर किंवा अंगावर असेल, तर मराठीत ‘वरून’ येते व इंग्रजीत ‘टेक ऑफ’ येते. डोक्यावरून टोपी काढ : ‘टेक ऑफ युवर कॅप.’ टेबलावरून पुस्तक काढ : ‘टेक द बुक ऑफ द टेबल.’

वस्तू जवळ असेल किंवा कोणाच्या ताब्यात असेल, तर मराठीत ‘पासून’, ‘जवळून’ अथवा ‘कडून’ येते व इंग्रजीत ‘टेक अवे फ्रॉम’ येते. बाळाजवळून कात्री काढून घे : ‘टेक द सिझर्स अवे फ्रॉम द बेबी.’

ही जुळणी बहुतेक ठिकाणी उपयोगी पडते, सर्वत्र नव्हे. मराठीत नाव यादी‘तून’ काढतात. इंग्रजीत ते ‘ऑफ द लिस्ट’ जाते. याचे कारण असे की, इंग्रजी भाषेच्या दृष्टीने नाव यादीच्या आत नसून यादीवर असते. आपणही ‘पटावरून नाव काढले’ असे म्हणतोच. यादीकडेही पटाप्रमाणे पाहावयास सांगितले, म्हणजे हा अपवाद मुलांच्या ध्यानात राहतो.

‘रिमूव्ह’ हा शब्द वरील तिन्ही ठिकाणी चालतो. पण तो औपचारिक आहे. पाटीवर, सूचनेत, औषधाच्या वेष्टनावर किंवा यंत्राच्या माहितीपत्रकात तो शोभतो. दवाखान्याच्या दाराशी ‘प्लीज रिमूव्ह युवर शूज’ अशी पाटी असते. आई मुलास सांगताना मात्र ‘टेक ऑफ युवर शूज’ असेच म्हणेल. वाचताना ‘रिमूव्ह’ समजला पाहिजे आणि बोलताना ‘टेक’ची रूपे तोंडी आली पाहिजेत, एवढे ध्येय या इयत्तांस पुरेसे आहे.

काही कामांसाठी इंग्रजीने नामाचेच क्रियापद केले आहे. ‘वीड’ म्हणजे तण आणि तण काढणेही. ‘मिल्क’ म्हणजे दूध आणि धार काढणेही. ‘शेल’ म्हणजे टरफल आणि शेंगा सोलणेही. ‘डस्ट’ म्हणजे धूळ आणि धूळ झटकणेही. खेड्यातील मुलास ही सर्व कामे हाताने ठाऊक असतात. त्यामुळे हे शब्द चित्रावरून शिकविण्याऐवजी कामावरून शिकविले, तर लवकर रुजतात.

२. ‘इट’ची जागा

‘टेक ऑफ’, ‘टेक आउट’, ‘लीव्ह आउट’, ‘रब आउट’, ‘क्रॉस आउट’ या जोडशब्दांत एक नियम कटाक्षाने पाळावा लागतो. नाम दोन्ही जागी चालते : ‘टेक ऑफ युवर कॅप’ हेही शुद्ध आणि ‘टेक युवर कॅप ऑफ’ हेही शुद्ध. परंतु नामाऐवजी ‘इट’ किंवा ‘देम’ आले, तर ते मधेच बसते. ‘टेक इट ऑफ’ असेच म्हणावे. ‘टेक ऑफ इट’ म्हणू नये. हा नियम व्याकरणाच्या परिभाषेत सांगण्याची गरज नाही. ‘टेक इट ऑफ’, ‘टेक इट आउट’, ‘रब इट आउट’, ‘लीव्ह इट आउट’ ही चार वाक्ये ठेक्यात म्हणवून घेतल्यास कानच नियम पाळू लागतो.

३. वजाबाकीची उलटी वाट

सेमी-इंग्रजी वर्गांत गणित इंग्रजीतून शिकविले जाते. तेथे या शब्दांचा प्रश्न केवळ भाषेचा राहत नाही, उत्तर चुकते.

‘४५ मधून १८ वजा करा’ या मराठी वाक्यात संख्या ज्या क्रमाने ऐकू येतात, त्याच क्रमाने मांडावयाच्या असतात. इंग्रजीत हेच ‘सबट्रॅक्ट १८ फ्रॉम ४५’ असे होते. येथे काढावयाची संख्या आधी येते आणि जिच्यातून काढावयाची ती मागून येते. ‘फाइव्ह लेस दॅन ट्वेल्व्ह’ याचीही तीच गत आहे : मांडणी १२ − ५ अशी करावयाची असते. उलट ‘नाइन टेक अवे फोर’ आणि ‘नाइन मायनस फोर’ यांत क्रम मराठीसारखा सरळ राहतो.

प्राथमिक वर्गांत ही चूक लपून राहते. ‘सबट्रॅक्ट १८ फ्रॉम ४५’ हे वाक्य न समजलेले मूलही मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करते आणि उत्तर २७ बरोबर येते. शिक्षकास वाटते, मुलास इंग्रजी समजले. पुढे ऋण संख्या आल्यावर ‘सबट्रॅक्ट ७ फ्रॉम ३’ असे उदाहरण येते. योग्य उत्तर −४ असते आणि मूल सवयीने ४ लिहिते. त्या वेळी दोष गणिताचा मानला जातो. वास्तविक तो ‘फ्रॉम’ या एका शब्दाचा असतो. म्हणून ‘फ्रॉम’ दिसताच त्याच्या पुढील संख्येभोवती गोल करावा आणि ती संख्या आधी लिहावी, अशी सवय पाचवीतच लावणे इष्ट होय.

पैसे किंवा गुण वजा होतात, तेव्हा ‘सबट्रॅक्ट’ऐवजी ‘डिडक्ट’ येते. ‘सबट्रॅक्ट’ ही कागदावरील क्रिया आहे. ‘डिडक्ट’ झाले म्हणजे कोणास तरी तेवढे कमी मिळते. शिक्षकांच्या वेतनचिठ्ठीत व्यवसाय कर व इतर कपाती ‘डिडक्शन्स’ या मथळ्याखाली येतात. ‘टॅक्स डिडक्टेड ॲट सोर्स’, म्हणजे उगमस्थानी कापलेला कर, हेही त्याचेच उदाहरण. ‘विथड्रॉ’ याहून निराळे : तेथे आपलेच पैसे आपण काढून घेतो. कपात आणि उचल यांतील हा भेद मराठी माणूस व्यवहारात चोख ओळखतो. इंग्रजी शब्द फक्त त्यास जोडून द्यावयाचे असतात.

४. घातलेच नाही, की घालून काढले?

‘लीव्ह आउट’ किंवा ‘ऑमिट’ म्हणजे वगळणे, गाळणे. जी गोष्ट यावयास हवी किंवा येऊ शकली असती, ती येऊच न देणे. ‘रिमूव्ह’ किंवा ‘डिलीट’ म्हणजे जी होती ती काढून टाकणे. पहिल्यात जागा मुळातच रिकामी राहते. दुसऱ्यात भरलेली जागा रिकामी होते. वाचताना मुलाने एक ओळ सोडली, तर ‘ही लेफ्ट आउट अ लाइन’. लिहिलेली ओळ त्याने काढून टाकली, तर ‘ही डिलीटेड अ लाइन’. ‘लीव्ह आउट’ व ‘ऑमिट’ हे शब्द चुकून राहिलेल्या गोष्टीसही चालतात व बुद्ध्या वगळलेल्या गोष्टीसही चालतात. ‘डिलीट’ मात्र कोणी तरी केलेली कृती सांगते.

हा भेद किती मोलाचा आहे, हे मतदारयादीवरून मुलांस समजावून देता येते. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक सन १९५१-५२ मध्ये झाली. त्या वेळी सुकुमार सेन हे मुख्य निवडणूक आयुक्त होते. यादी तयार होत असताना अनेक स्त्रियांनी परक्यापुढे स्वतःचे नाव सांगितले नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई अशीच त्यांची नोंद झाली. स्वतःच्या नावावाचून नोंद ग्राह्य धरावयाची नाही, असे आयोगाने ठरविले. देशातील सुमारे ८ कोटी स्त्री-मतदारांपैकी सुमारे २८ लाख स्त्रियांची योग्य नावे अखेरपर्यंत मिळाली नाहीत आणि त्यांच्या नोंदी याद्यांतून काढाव्या लागल्या. या स्त्रिया यादीतून ‘ऑमिट’ झाल्या नव्हत्या. त्यांची नोंद झाली होती. ती मागाहून ‘डिलीट’ झाली. मोजणीदार दारापर्यंत पोहोचलाच नसता, तर दोष मोजणीचा ठरला असता. येथे मोजणी झाली होती. नाव सांगण्यास रूढी आड आली होती. एक शब्द बदलला, तर त्या २८ लाख स्त्रियांचा मताधिकार कशाने गेला, याचे उत्तरच बदलते.

आजही यादीत नवे नाव घालण्यासाठी नमुना क्र. ६ असतो आणि असलेले नाव कमी करण्याच्या अर्जासाठी नमुना क्र. ७ असतो. या दुसऱ्या नमुन्याच्या इंग्रजी मथळ्यात ‘डिलीशन’ हा शब्द असतो. आठवीतील मुलास तो ओळखता आला, तर घरातील वडील माणसांच्या तो उपयोगी पडेल.

कायद्याची भाषा येथे थोडी वेगळी चालते, हेही शिक्षकांस ठाऊक असावे. कायद्यातील असलेले कलम किंवा खंड काढून टाकला, तरी दुरुस्तीच्या इंग्रजी मजकुरात तो ‘ऑमिट’ झाला असे म्हणतात. सन १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने संपत्तीविषयक उपखंड कलम १९ मधून गेला, तो असाच ‘ऑमिटेड’ म्हणून छापला जातो. हा विशिष्ट क्षेत्रातील प्रघात आहे. वर्गात तो सांगण्याची आवश्यकता नाही.

५. पाटी, वही आणि छापील अर्ज

लिहिलेले काढण्याच्या रीती जितक्या, तितके शब्द. खडूने किंवा पेन्सिलीने लिहिलेले घासून पुसले, तर ‘रब आउट’ किंवा ‘इरेज’. शाईने लिहिलेल्यावर रेघ ओढली, तर ‘क्रॉस आउट’ किंवा ‘स्ट्राइक आउट’. येथे शब्द खोडला जातो, पण खाली दिसत राहतो. संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर काढले, तर ‘डिलीट’. तेथे पाहणाऱ्यास जागाही उरत नाही. दिलेली आज्ञा, ठरलेला कार्यक्रम किंवा काढलेले तिकीट रद्द केले, तर ‘कॅन्सल’. येथे कागद तसाच राहतो, त्याचा अंमल जातो.

छापील अर्जांत ‘स्ट्राइक आउट व्हिचेव्हर इज नॉट ॲप्लिकेबल’ अशी सूचना पुष्कळदा असते. जे लागू नसेल ते खोडा, असा तिचा अर्थ. ‘नॉट’ हा शब्द नजरेआड झाला, म्हणजे अर्जदार लागू असलेलेच खोडतो आणि अर्ज उलटा होतो. पालक पुष्कळदा असे अर्ज घेऊन शाळेतच येतात. वर्गात असा एखादा कोरा नमुना भरवून घेतल्यास पाठाचा उपयोग घरापर्यंत जातो.

६. माणसास काढणे

शब्द चुकल्याने वस्तूचे फारसे बिघडत नाही, माणसाचे बिघडते. ‘मुलीला शाळेतून काढले’ या मराठी वाक्यात काढणारा कोण, हे कळत नाही. पालकांनी तिचे नाव काढून घेतले असेल, तर इंग्रजीत ‘विथड्रॉ’ किंवा ‘टेक आउट ऑफ स्कूल’ म्हणतात. शाळेने पटावरून नाव कमी केले असेल, तर ‘स्ट्राइक ऑफ’ म्हणतात. शिक्षा म्हणून तिला घालवून दिले असेल, तर ‘एक्स्पेल’ म्हणतात. आणि कोणीही न काढता ती हळूहळू येईनाशी झाली असेल, तर ‘ड्रॉप आउट’ म्हणतात. यालाच आपण गळती म्हणतो.

चार शब्द, चार निराळे जबाबदार. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या १६ व्या कलमाने प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकास शाळेतून ‘एक्स्पेल’ करण्यास मनाई केली आहे. सन २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीच्या परीक्षेनंतर त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांस मिळाली. पण शाळेतून घालवून देण्याची मनाई कायम राहिली. तेव्हा ज्या मुलीस पालकांनी कामासाठी किंवा लग्नासाठी घरी बसविले, तिच्याविषयी इंग्रजी अहवालात ‘एक्स्पेल्ड’ असा शब्द पडला, तर शाळेवर नसलेला दोष येतो. आणि केवळ ‘लेफ्ट’ असा शब्द पडला, तर जणू ती आपखुशीने गेली असे होते. तिला परत आणण्यासाठी कोणाच्या दारी जावयाचे, हे योग्य शब्दानेच कळते.

नोकरीच्या बाबतीतही असेच आहे. भारतीय संविधानाच्या ३११ व्या कलमात ‘डिसमिस’ व ‘रिमूव्ह’ हे दोन शब्द वेगळे योजले आहेत. सेवानियमांनुसार ‘रिमूव्ह’ झालेला, म्हणजे सेवेतून काढून टाकलेला मनुष्य पुढे शासकीय नोकरीस अपात्र ठरत नाही. ‘डिसमिस’ झालेला, म्हणजे बडतर्फ केलेला मनुष्य सामान्यतः अपात्र ठरतो. बोलताना दोघांनाही ‘नोकरीवरून काढले’ असेच म्हणतात.

७. शब्दांची मुळे

पुढील माहिती शिक्षकांसाठी आहे. मुलांस रस वाटल्यास सांगावी. यांतील पुष्कळ शब्द लॅटिन भाषेतून आले आहेत. ‘सबट्रॅक्ट’ व ‘एक्स्ट्रॅक्ट’ यांच्या मुळाशी ओढणे हा अर्थ आहे. शेतात नांगर ओढणारा ‘ट्रॅक्टर’ याच घराण्यातला. म्हणून दंतवैद्य दात ‘एक्स्ट्रॅक्ट’ करतो, तेव्हा त्यात ओढून बाहेर काढण्याचा भाव असतो. ‘डिडक्ट’च्या मुळाशी नेणे आहे, ‘इरेज’च्या मुळाशी खरवडणे आहे. ‘कॅन्सल’च्या मुळाशी जाळी हा शब्द आहे, लिहिलेल्यावर आडव्यातिडव्या रेघा मारल्या, म्हणजे जाळीच दिसते. ‘एलिमिनेट’च्या पोटात उंबरठा आहे; स्पर्धेतून बाद झालेला खेळाडू म्हणजे उंबरठ्याबाहेर गेलेला.

पाठाची मांडणी

हा विषय तीन तासांत घ्यावा. पहिल्या तासास खडूची पेटी, टोपी, दप्तर, स्टूल व पाण्याचा तांब्या एवढे साहित्य पुरे. शिक्षकाने आज्ञा द्यावी व मुलाने कृती करावी. नंतर मुलांनी एकमेकांस आज्ञा द्याव्यात. प्रत्येक कृतीनंतर ‘कोठून?’ हा प्रश्न मराठीतच विचारावा. मराठीत विचारल्याने इंग्रजीचा तास वाया जात नाही. नेमके उत्तर तेथेच सापडते.

दुसऱ्या तासास फळ्यावर पाच नावांची यादी लिहावी. सहावे नाव मुद्दाम लिहू नये व एक लिहिलेले नाव पुसावे. कोण ‘लेफ्ट आउट’ झाला आणि कोण ‘रब्ड आउट’ झाला, हे मुलांकडून वदवून घ्यावे. तिसऱ्या तासास वजाबाकीची दहा शाब्दिक उदाहरणे द्यावीत. त्यांपैकी निदान चार ‘फ्रॉम’ची व दोन ‘लेस दॅन’ची असावीत. या तासास उत्तरे काढवून न घेता केवळ मांडणी तपासावी.

स्वाध्याय

पुढील वाक्यांसाठी योग्य इंग्रजी शब्द सांगा व त्याचे कारण मराठीत द्या.

(१) दप्तरातून वही काढ. (२) अंगातून सदरा काढ. (३) तिसरे उदाहरण सोडून बाकीची सोडव. (४) शाईने लिहिलेला चुकीचा शब्द खोड. (५) उशिरा आल्याबद्दल दोन गुण कापले. (६) आजीने टपाल कार्यालयातून पाचशे रुपये काढले. (७) वडिलांनी त्याचे नाव शाळेतून काढून घेतले. (८) ९ मधून १५ वजा करा.

उत्तरे : (१) टेक आउट. (२) टेक ऑफ; मराठीत ‘अंगातून’ म्हटले, तरी इंग्रजीच्या दृष्टीने कपडा अंगावर असतो. (३) लीव्ह आउट. (४) क्रॉस आउट. (५) डिडक्ट. (६) विथड्रॉ. (७) विथड्रॉ. (८) सबट्रॅक्ट १५ फ्रॉम ९, उत्तर −६.

सहाव्या व सातव्या वाक्यांस एकच शब्द कसा आला, याची चर्चा वर्गात अवश्य घडवून आणावी. दोन्ही ठिकाणी जे आपले म्हणून ठेवले होते, ते ठेवणाऱ्यानेच परत नेले. मुलांनी आपल्या शब्दांत एवढे सांगितले, म्हणजे पाठ साधला असे समजावे.